एकतीस खो, आणि नावावर एकही गडी नाही

भाद्रपदातील संध्याकाळ होती. बाजार समितीतील हर्राशी आटोपली होती, मुगाच्या पोत्यांची अखेरची थप्पी लागत होती आणि मुनीमजी दिवसभराच्या काटापट्ट्या जुळवीत बसले होते. तेवढ्यात माझा तेरा वर्षांचा पुतण्या चिखलाने माखलेले पाय घेऊन दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. कन्नड तालुक्याच्या शालेय खो-खो स्पर्धेत चौदा वर्षांखालील गटात त्याचा संघ विजयी झाला होता. माझे धाकटे बंधू हिशोबाला पक्के. त्यांनी वहीतून मान वर केली आणि पहिला प्रश्न विचारला, "किती गडी बाद केलेस?"

"एकही नाही."

"मग तू केलंस काय?"

"खो दिले," पोरगा म्हणाला आणि पाय धुवायला उठला.

बंधूंनी पुन्हा वहीत डोके घातले. घरात मागील महिनाभर एक विचार चालू होता, तो त्या क्षणी त्यांच्या मनात पक्का झाला असावा. पुढील वर्षापासून मुलाला या खेळातून काढायचे आणि बॅडमिंटन किंवा नेमबाजी अशा एखाद्या वैयक्तिक खेळात घालायचे. त्यासाठी दर रविवारी छत्रपती संभाजीनगरला न्यावे लागले तरी चालेल. त्यांचे म्हणणे सरळ होते. शाळेच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, पुढे शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि हे सगळे प्रमाणपत्रावर चालते. जिथे आपली कामगिरी आपल्याच नावावर लागते तिथे मुलाने घाम गाळावा. दुसऱ्याच्या खात्यात जमा होणाऱ्या मालाची हमाली त्याने का करावी?

व्यापारी माणसाला हा युक्तिवाद खोडून काढणे कठीण आहे. मीही व्यापारीच आहे. परंतु मी तो सामना पाहिला होता. पाहिला म्हणण्यापेक्षा मोजला होता, हे अधिक खरे. मैदानाच्या कडेला छत्री धरून उभा असताना खिशात एक कोरी पट्टी सापडली. सवयीने तिच्या पाठीवर मी रेघा मारीत गेलो. कोणाच्या हाताने गडी बाद झाला याची नोंद गुणलेखक करतोच. मी पुतण्याने दिलेले खो मोजले. दोन चालींत मिळून ते एकतीस भरले. शिवाय प्रत्येक गडी बाद होण्याआधीचा शेवटचा खो कोणी दिला, तेही टिपत गेलो. संघाने टिपलेल्या चौदा गड्यांपैकी पाच गड्यांच्या आधीचा शेवटचा खो त्याचा होता. गुणपत्रिकेत मात्र त्याच्या नावापुढे शून्यच होते, आणि नियमांप्रमाणे ते बरोबरच होते.

खो-खो आपण सर्वांनी लहानपणी खेळलेला आहे, म्हणूनच बहुधा तो आपण कधी नीट पाहिलेला नाही. दोन टोकांना दोन खांब, त्यांना जोडणारी मधली अरुंद पट्टी, आणि त्या पट्टीवर आठ चौकोनांत आलटून-पालटून विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेले आठ गडी. नववा उठलेला, पाठलाग करणारा. समोर पळतीच्या संघाचे तीन गडी एका वेळी मैदानात. एकूण मैदान साधारण २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद. पारंपरिक नियमांत मोठ्या मुलांची चाल नऊ मिनिटांची, लहानांची सात.

आता नियमांतील विषमता पाहावी. पळणारा बसलेल्या गड्यांमधून हवा तिकडून आरपार जाऊ शकतो. पाठलाग करणाऱ्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही. पळणारा हवे तेव्हा वळू शकतो. पाठलाग करणाऱ्याने एकदा एका खांबाकडे दिशा धरली की खांब गाठेपर्यंत त्याला उलटे फिरता येत नाही. अर्थ इतकाच की जगातील सर्वांत वेगवान धावपटू आणून पाठलागाला लावला तरी आमच्या शाळेतील आठवीचा चपळ पोरगा त्याला दिवसभर झुलवील. उजवीकडून डावीकडे एक पाऊल टाकले की संपले. तो वेगवान गृहस्थ पट्टीपलीकडून पाहत राहील. ज्यांनी हे नियम रचले त्यांनी एकट्याचा पराक्रम जाणूनबुजून अपुरा ठेवला आहे. त्याच्या हाती एकच उपाय दिला आहे. बसलेल्या सोबत्याच्या पाठीला हात लावायचा, त्याच क्षणी मोठ्याने "खो" म्हणायचे आणि त्याच्या जागी स्वतः बसायचे.

या साध्या दिसणाऱ्या कृतीत जितके कौशल्य आहे तितके गडी टिपण्यात नाही, असे माझे मत त्या दिवसापासून झाले आहे. खो लवकर दिला तर पळणाऱ्याला दुसरी बाजू मोकळी दिसते. उशिरा दिला तर तो दोन चौकोन पुढे गेलेला असतो. हात आधी लागला आणि शब्द मागून आला, किंवा शब्द आधी आणि हात मागून, की पंचांची शिट्टी वाजते. मग पाठलाग करणाऱ्याला उलट दिशेला जावे लागते आणि दाबात आलेला गडी निसटतो. खो मिळण्याआधी बसलेला गडी अधीरपणे उठला तरी चूकच. म्हणजे देणाऱ्याला घाई चालत नाही आणि घेणाऱ्यालाही. बसलेल्याने पाठीमागील पावलांचा आवाज ऐकत, समोरच्या पळणाऱ्याच्या कमरेवर नजर ठेवून, टाचा किंचित उचलून वाट पाहायची. हुलकावणी देणारा माणूस डोळ्यांनी खोटे बोलू शकतो. कमरेला खोटे बोलता येत नाही. हे वाक्य माझे नव्हे, आमच्या इथल्या क्रीडाशिक्षकांचे आहे. ते मुलांना ओरडून हेच सांगत होते, "त्याच्या कमरेकडे बघ!"

आणि मग जागा सोडणे. खो देणारा त्या क्षणापर्यंत खेळाचा नायक असतो. सारे मैदान त्याच्याकडे पाहत असते. एका शब्दात तो ते सोडून देतो, चौकोनात उकिडवा बसतो, आणि पुढच्या तीन सेकंदांत ज्याने गडी टिपला त्याच्या नावाचा पुकारा होतो. आमच्या संघात त्या दिवशी कुणाच्याही नावावर तीनपेक्षा अधिक गडी नव्हते. समोरच्या संघात एक मुलगा असा होता की त्याने एकट्याने सहा टिपले. सुंदर सूर मारायचा तो, चिखलात अंग झोकून द्यायचा. प्रेक्षक त्याच्याच नावाने ओरडत होते, मीही दोनदा टाळ्या वाजवल्या. पण त्याच्या संघातील बाकीचे सारे त्यालाच खो मिळावा म्हणून वाट पाहत होते. गडी आपल्या हाताशी आलेला असताना ते तीन चौकोन पुढे धावून त्याच्या पाठीला हात लावायला जात. सामना आम्ही १४ विरुद्ध १२ गुणांनी जिंकलो. दोन गुणांचे अंतर काही मोठे नाही. त्या मुलाचा पाय शेवटच्या मिनिटात घसरला नसता तर निकाल कदाचित उलटाही लागला असता, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे.

सरावाविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्या घरांत पहिली अडचण तिथेच येते. शाळा सुटल्यावर सराव सुरू होतो आणि तो दिवेलागणीपर्यंत चालतो. चातुर्मासात आमच्या घरी सूर्यास्तापूर्वी ताटे वाढली जातात. आईंचा नियम कडक आहे, आणि मुलाने तो आपणहून पाळायचा ठरवले आहे. सुरुवातीचा आठवडा रोज वाद झाला. मग एके दिवशी तो आपणच वेळेवर घरी येऊ लागला. चौकशी केली तेव्हा कळले की संघातील पोरांनीच सरावाचा क्रम बदलला होता. पाठलागाचा सराव आधी आणि पळतीचा नंतर, कारण याला पाठलागाची जास्त गरज होती. त्या मुलांत एकही जैन नाही. त्यांपैकी कोणी हे फार मोठे काही केले असे मानत नव्हते. उलट "तो गेला की आम्हाला पळायला मोकळं मैदान मिळतं" असे एकाने मला हसत सांगितले.

खो-खोला आज आपण "शाळेतला खेळ" म्हणून थोडे कमी लेखतो. याचे नियम पहिल्यांदा शिस्तीत बसवले गेले ते पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर, १९१४ साली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला सुरू झाली. हा सारा प्रवास फार धिम्या गतीचा आहे. पैसा नाही, प्रसिद्धी नाही, दोन लाकडी खांब आणि फक्कीने मारलेल्या रेघा एवढेच भांडवल. ज्या गावात चेंडूसुद्धा परवडत नाही तिथे हा खेळ परवडतो. मराठवाड्यात तो रुजला याचे एक कारण हेच असावे.

आणि रुजला तो चांगलाच. धाराशिवची सारिका काळे हे नाव आपल्या घरांतील किती मुलींना ठाऊक आहे? २०१६ साली गुवाहाटीत झालेल्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत खो-खोचा प्रथमच समावेश झाला. त्या स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची ती कर्णधार होती. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला हा पुरस्कार तब्बल २२ वर्षांनी आला होता. त्या २२ वर्षांत खेळाडू नव्हते असे नाही. मला वाटते, ज्या खेळात यशाचा मालक सहजी सापडत नाही त्याला पुरस्कार देताना समित्यांचीही पंचाईत होत असावी.

पुढे २०२५ च्या जानेवारीत, १३ ते १९ तारखांदरम्यान, नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडागारात खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुषांचे २० आणि महिलांचे १९ संघ आले होते. अंतिम सामन्यांत दोन्ही गटांत भारताने नेपाळला हरवले. महिलांनी ७८-४०, पुरुषांनी ५४-३६. गुणपद्धती आपल्या जुन्या पद्धतीपेक्षा वेगळी, म्हणून आकडे मोठे दिसतात. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातील, पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर पुण्याचा. धाराशिवची अश्विनी शिंदेही त्या महिला संघात होती. म्हणजे आपल्या दुष्काळी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या भागाचा वाटा त्या चषकात चांगलाच होता.

या विजयानंतरची एक गोष्ट व्यापारी वाचकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. महाराष्ट्र शासनाने विजेत्या संघांतील राज्याच्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये दिले. प्रत्येकी. कोणी किती गडी टिपले, कोण किती मिनिटे पळाले, कोण राखीव बसून राहिले, याची विभागणी झाली नाही. काहींना हा ढोबळपणा वाटेल. मला तो या खेळाचा योग्य हिशोब वाटतो, कारण मधल्या एकशे खोंचा हिशोब ठेवणारी वही अद्याप कोणी तयार केलेली नाही.

पण येथे थोडे थांबून दुसरी बाजूही मांडली पाहिजे. खो-खोत एकट्याच्या गुणवत्तेला काहीच वाव नाही असे कुणी समजू नये. पळती हा मोठ्या प्रमाणात स्वतःच्या जिवावरचा खेळ आहे. साखळी खेळत, खांबाला गिरकी घेत दोन-तीन मिनिटे नाबाद राहणारा गडी सामना फिरवू शकतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्याचाच वेळ छापून येतो. राष्ट्रीय स्पर्धांत सर्वोत्कृष्ट खेळाडूंना वैयक्तिक पुरस्कारही आहेत. पुरुषांसाठी एकलव्य, महिलांसाठी राणी लक्ष्मीबाई, कुमारांसाठी वीर अभिमन्यू, मुलींसाठी जानकी. नावे मोठी भारदस्त आहेत. (अभिमन्यू हा एकट्याने चक्रव्यूहात शिरलेला वीर, सांघिक खेळाच्या पुरस्काराला हे नाव कोणी सुचवले असेल, याचे मला नेहमी कुतूहल वाटते.) तेव्हा गुणवान खेळाडू नको, असे म्हणणे शुद्ध भाबडेपणा होईल. प्रश्न एवढाच की गुणवान खेळाडूभोवती संघ बांधायचा, की गुणवान खेळाडूला संघात बांधायचे.

या प्रश्नाचे सर्वांत महागडे उत्तर फुटबॉलमध्ये मिळते. फुटबॉल म्हटले की महाराष्ट्रात कोल्हापूर. तेथे कुस्तीच्या तालमींनीच हा खेळ उचलला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम अशा नावांचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात तेव्हा पेठाच्या पेठा मैदानात लोटतात. कुस्ती हा संपूर्ण एकट्याचा खेळ, आणि त्याच आखाड्यांतून अकरा जणांचा खेळ उभा राहिला, हे मोठे मौजेचे आहे. २०१७ साली १७ वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला. त्याआधी १५ सप्टेंबरला राज्यभरातील शाळांत लाखो मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळायला लावण्यात आले होते. कन्नडलाही त्या दिवशी शाळांच्या पटांगणांत चेंडू उडाले असतील. त्यानंतर ते चेंडू कुठे गेले, ते शाळांच्या कपाटांना ठाऊक.

पण मी म्हणतो ते उदाहरण पॅरिसचे आहे. पॅरिस सेंट जर्मेन या क्लबने २०१७ मध्ये नेमार या ब्राझीलच्या खेळाडूसाठी २२ कोटी २० लाख युरो मोजले. एका खेळाडूसाठी एवढी रक्कम तोवर जगात कोणी दिली नव्हती, आणि पुढे अनेक वर्षे तो विक्रम मोडला गेला नाही. त्यानंतर एम्बापे आला, २०२१ मध्ये मेस्सी आला. त्या काळातील तीन सर्वांत मोठी नावे एका संघात. युरोपातील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा म्हणजे चॅम्पियन्स लीग. तिच्यात हे तिघे एकत्र असताना क्लब दोन्ही वर्षे, २०२२ आणि २०२३ मध्ये, शेवटच्या सोळांतच गारद झाला. मग मेस्सी व नेमार गेले, २०२४ मध्ये एम्बापेही गेला. प्रशिक्षक लुईस एन्रिके यांनी तरुण, धावणाऱ्या, चेंडू गेला की सगळ्यांनी मिळून परत मिळवणाऱ्या मुलांचा संघ बांधला. ३१ मे २०२५ रोजी त्या संघाने इंटर मिलानला ५-० असे हरवून तो चषक क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा जिंकला. अंतिम सामन्यात इतक्या फरकाचा विजय त्या स्पर्धेत पूर्वी कोणी मिळवला नव्हता.

अर्थात हा नवा संघही स्वस्तात उभा राहिलेला नाही, त्यातील पोरे काही सामान्य नाहीत. तरीही बाजारात माल उचलणाऱ्या प्रत्येकाला यातील गंमत कळेल. सर्वांत महाग तीन वस्तू दुकानातून गेल्या आणि धंदा वाढला.

या प्रकाराचा अभ्यासही झालेला आहे. २०१४ साली रॉडेरिक स्वाब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. फुटबॉल आणि बास्केटबॉल यांत संघातील अव्वल खेळाडूंचे प्रमाण वाढत गेले की यश वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापलीकडे अव्वल खेळाडूंची भर पडली की संघ उलट कमकुवत होतो. बेसबॉलमध्ये मात्र तसे आढळले नाही, कारण त्या खेळात प्रत्येकाचे काम बरेचसे स्वतंत्र असते. चेंडू मारणाऱ्याला सोबत्याच्या हालचालीवर फारसे अवलंबून राहावे लागत नाही. म्हणजे सगळेच सारखे नसते. जिथे एकाचे काम दुसऱ्याच्या कामात गुंतलेले असते तिथे नामवंतांची गर्दी घातक, आणि जिथे कामे सुटी असतात तिथे जितके नामवंत तितके चांगले. या मोजमापात खो-खो कुठे बसतो हे सांगायला संशोधकाची गरज नाही. ज्या खेळात सोबत्याच्या पाठीला हात लावल्याशिवाय दिशाच बदलता येत नाही, त्याहून गुंतलेला खेळ कोणता?

मी हे सारे बंधूंना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आपला धंदा यांपैकी कोणता? बेसबॉल की खो-खो?"

प्रश्न विनोदाने विचारला होता, पण मी निरुत्तर झालो. कारण आमची पेढी एकेकाळी चार भावांची होती. आमच्या वडिलांच्या पिढीत चौघे एकाच गादीवर बसत. एक खेड्यांत फिरून शेतकऱ्यांशी संबंध राखी, एक हर्राशीला उभा राही, एक वसुली पाही आणि चौथा, आमचे थोरले काका, कधी दुकानाबाहेर पडतच नसत. ते फक्त वह्या लिहीत. एके वर्षी नफ्याची वाटणी करताना कुणीतरी म्हणाले की काकांनी स्वतः एकही सौदा आणलेला नाही. ते खरेच होते. वाटण्या झाल्या, काका वेगळे झाले, आणि पुढील दोन वर्षांत आमची उधारी इतकी थकली की ती कोणाकडे किती आहे हेच आम्हाला सांगता येईना. कोणत्या गावच्या कोणत्या माणसाला कधी आठवण द्यायची, कोणाला पावसापर्यंत सवलत द्यायची, हे ते मनात ठेवीत आणि वसुलीच्या भावाला सकाळी दोन शब्दांत सांगत. तो गावात जाऊन पैसे घेऊन येई आणि जमा त्याच्या नावाने होई. काकांना पुन्हा बोलवायला आमच्यापैकी कोणी गेले नाही. आज ते नाहीत. बंधूंना ही हकिगत माझ्याइतकीच ठाऊक आहे. त्यामुळे मी ती त्या संध्याकाळी उच्चारली नाही, आणि त्यांनीही नाही. मी फक्त ती रेघा मारलेली पट्टी त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी ती हिशोबाच्या नजरेने तपासली. "हे पाच कसे धरलेस?" मी सांगितले, गडी टिपण्याआधीचा शेवटचा खो. "आणि त्याच्या आधीचा?" तो मी मोजला नव्हता. "मग हाही हिशोब अर्धवटच," ते म्हणाले. चूक त्यांनी बरोबर पकडली. एका गड्यामागे कधी कधी दहा-बारा खो असतात. पहिला खो पळणाऱ्याला एका कडेला ढकलतो, पाचवा त्याला खांबाकडे वळवतो, शेवटचा फक्त दार लावतो. श्रेय मागे मागे नेत गेले तर ते कुठे थांबवायचे? बंधू बराच वेळ पट्टीकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी ती गल्ल्याच्या खणात ठेवली. फाडली नाही, एवढे मी पाहिले.

जिल्ह्याच्या स्पर्धेला पोरे संभाजीनगरला गेली. सकाळची बस, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. दुसऱ्याच फेरीत हरली. ज्या संघाकडून हरली त्यांचा खेळ पाहून आमची मुले परतीच्या वाटेवर त्यांच्याचविषयी बोलत होती. त्यांचा खो दिसायचाच नाही म्हणे, फक्त आवाज ऐकू यायचा, आणि तोवर दुसराच कुणी अंगावर आलेला असे. त्यातील एकाही खेळाडूचे नाव यांना सांगता येईना. चौकोनांचे क्रमांक मात्र सांगत होती. "तो तिसऱ्यावरचा", "तो सहाव्यावरचा".

बंधूंनी निर्णय पुढे ढकलला आहे. सहामाही परीक्षेचा निकाल लागेपर्यंत खेळू द्यायचे, दिवाळीनंतर बघू, असे ठरले आहे. मधल्या काळात एक नवाच पेच उभा राहिला. क्रीडाशिक्षकांनी पुतण्याला चौथ्या चौकोनातून उठवून खांबाजवळच्या चौकोनात बसवायचे ठरवले. खांबाजवळची जागा मानाची, कारण कोंडीत सापडलेला गडी बहुतेक तिथेच टिपला जातो. बंधूंना हे कळताच ते खूश झाले. आता नावावर गडी लागतील. मुलगा मात्र दोन दिवस धुसफुसत होता. चौथ्या चौकोनात आता जो मुलगा बसणार आहे तो खो फार लवकर देतो, असे त्याचे म्हणणे आहे. त्याने शिक्षकांना तसे सांगितले. शिक्षक म्हणाले, मग त्याला शिकव. सध्या दोघे मधल्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यात, खडूने चौकोन आखून, तेच करीत असतात. फरशी घसरडी आहे आणि मुख्याध्यापकांनी एकदा हटकलेही आहे.

पट्टी अजून गल्ल्याच्या खणात आहे. परवा मुनीमजींनी ती जुनी थकबाकी समजून मला विचारले, हे एकतीस कोणाकडचे?